आयटीआय की बीकॉम?

बारावी झालेली माझी भाची यातच अडकली आहे. इलेक्ट्रिशियन ट्रेड 2 वर्षांचा, बीकॉम किमान 3. सरकारी संस्थेत नंबर लागला तर खर्च दोन्हीकडे आवाक्यात.

खरा फरक काम टिकण्यात आहे. बिलं, नोंदी, हिशेबाची जुळणी सॉफ्टवेअर करू लागलंय; नुसत्या टॅलीवर आता भागणार नाही. बुटीबोरीच्या एमआयडीसीत बंद पडलेली मोटर मात्र मल्टिमीटर घेऊन कुणाला तरी उघडावीच लागते. शिवाय अप्रेंटिसशिपमध्ये विद्यावेतन मिळतं. पण अंगमेहनत आहे, रात्रपाळी आहे, नागपूरचा मे महिना आहे. राज्यसेवेला तर पदवी लागतेच.

हाताने काम आवडतं, लवकर कमवायचंय, तर आयटीआय घ्यावं. स्पर्धा परीक्षा किंवा सीए मनात असेल तर बीकॉम, आणि सोबत एक्सेल पक्कं करावं.