वॉक-इनच्या नावावर ११,७५० रुपये : पत्र हातात होतं, वाचलं नाही

२५० रुपये नोंदणीचे, रोख. ८५० मेडिकलचे. २,९५० प्रशिक्षण किटचे, म्हणजे २,५०० आणि वर १८ टक्के जीएसटी. १,२०० पोलीस व्हेरिफिकेशनचे. ६,५०० ‘रिफंडेबल’ सुरक्षा ठेव. एकूण ११,७५०. नऊ दिवसांत, पाच हप्त्यांत. एकदम पावणेबारा हजार मागितले असते तर कोणीही उठून गेलं असतं, म्हणून हे खोट्या भरतीवाले एकदम मागत नाहीत. हे तुम्हाला माहीत आहे, मलाही माहीत होतं. पैसे माझे गेले, नोकरी भाचीची होती, वॉक-इनची, म्हणजे जाहिरात बघून थेट मुलाखतीला जायचं. आणि लाज याची वाटते की मी नागपूरच्या हिंगणा एमआयडीसीत अठरा वर्षं पगारपत्रकंच बनवतो.

जाहिरातीपासूनच सुरू करतो, कारण ती पुन्हा फिरेल, फक्त नाव बदलून. ‘मिहानमधील नामांकित कंपनीसाठी थेट भरती, बॅक ऑफिस, फ्रेशर चालेल, सकाळी १० ते ४’. मिहान म्हणजे नागपूर विमानतळाजवळचं कंपन्यांचं क्षेत्र, पण भरतीचं ठिकाण वर्धा रोडवरचं एक लॉन. कंपनीचं नाव नाही, मोबाईल नंबर आहे, ईमेल जीमेलचा. ‘नामांकित’ म्हणायचं आणि नावच द्यायचं नाही! खरी कंपनी वॉक-इन ठेवते ती स्वतःच्या गेटवर किंवा शहरातल्या स्वतःच्या ऑफिसात. गेटवर गार्ड रजिस्टरमध्ये नाव लिहून घेतो, पास देतो, आत एचआरचा माणूस येतो आणि त्याचा ईमेल कंपनीच्या डोमेनचा असतो. लग्नाच्या लॉनवर खुर्च्या मांडून मोठी कंपनी बॅक ऑफिसची भरती कशाला करेल?

पण बॅनरवर सरकारच्या कौशल्य विकास विभागाचा लोगो होता. टेबलावरच्या पोट्ट्यांच्या गळ्यात ओळखपत्रं होती. टोकन ३१२ पर्यंत गेलं होतं, मी डोळ्यांनी पाहिलं. मे महिन्याच्या उन्हात तीनशे पोट्टे-पोट्टी दुपट्टे बांधून रांगेत उभे असताना आपल्यालाच तेवढी शंका यावी, हे सांगायला सोपं आहे. त्यातून २५० रुपये. गाडीत टाकतो त्या पेट्रोलपेक्षा कमी. आता गुणाकार करा : ३१२ गुणिले २५०, ७८,००० रुपये, एका दिवसात, एकाही पावतीशिवाय. लॉनचं भाडं, बॅनर, चहा सगळं त्यातून निघालं. पुढचं जे मिळालं तो निव्वळ नफा.

मुलाखत चार मिनिटांची. एक्सेल येतं का, टायपिंग किती, काहीच विचारलं नाही. विचारलं काय? वडील काय करतात, घर स्वतःचं की भाड्याचं, सोबत कोण आलंय. सोबत मी आलो होतो. भाचीने बाहेर येऊन सांगितलं तेव्हा मी म्हणालो, फॅमिली बॅकग्राउंड विचारतात आजकाल. ती मुलाखत तिची नव्हती, माझ्या खिशाची होती. उमेदवारापेक्षा घरच्यांबद्दल जास्त प्रश्न आले तर पाणीही न पिता बाहेर पडा.

सोमवारी मेडिकलचे ८५०, बुधवारी किटचे २,९५०. क्यूआर स्कॅन केला की पिन टाकायच्या आधी स्क्रीनवर खातेदाराचं नाव येतं. आलं होतं. कंपनीचं नाही, एका बाईचं, आडनावासकट. विचारलं तर फोनवरचा म्हणाला, “काका, कंपनीचं खातं ऑडिटमध्ये आहे, अकाउंटच्या मॅडमचं दिलंय.” मी स्वतः अकाउंटवाला! ऑडिट सुरू असलं म्हणून खातं बंद पडत नाही, हे मी कोणालाही झोपेत सांगेन. किटच्या पावतीवर जीएसटी नंबर होता. नंतर मोजला, चौदाच अक्षरं. जीएसटी नंबर पंधराचा असतो : पहिले दोन अंक राज्याचे, महाराष्ट्राचे २७, मग दहा अक्षरी पॅन, मग उरलेली तीन. जीएसटीच्या पोर्टलवर लॉगिन न करता कोणताही नंबर टाकून बघता येतो. व्यवसायाचं नाव, नोंदणीची तारीख, प्रकार सगळं समोर येतं. मिनिटभराचं काम.

आणि मग ते नेमणूकपत्र. गुरुवारी रात्री व्हॉट्सअ‍ॅपवर पीडीएफ आली. मी कूलरसमोर बसून बोटांनी झूम करून बघितली, थेट शेवटची ओळ : हातात २०,९९०. तिथेच थांबलो. घरच्यांना दाखवलं, बहिणीला फोन केला. तक्ता असा होता : एकूण पगार २३,४००. पीएफ १,८००. ईएसआयसी, म्हणजे कामगार विम्याची कपात, ४१०. व्यवसाय कर २००.

पीएफचा आकडा बरोबर होता, १५,००० च्या पीएफ मर्यादेवर १२ टक्के. ईएसआयसी बघा. त्याची पगारमर्यादा २१,००० आहे. मर्यादेत असलेल्या माणसाचा पगार अर्धवर्षाच्या मधे वाढला तर ते अर्धवर्ष संपेपर्यंत कपात चालू राहते, पण नव्याने २३,४०० वर लागणाऱ्या मुलीला ईएसआयसी लागूच नाही. बरं, लावली तरी दर कोणता? ४१० म्हणजे २३,४०० चे पावणेदोन टक्के. कामगाराचा हिस्सा १ जुलै २०१९ पासून पाऊण टक्का आहे. म्हणजे हे पत्र २०१९ च्या आधीच्या कुठल्या तरी साच्यावरून उचललेलं होतं. तिसरी गोष्ट, व्यवसाय कर : महाराष्ट्रात एप्रिल २०२३ पासून महिलांना महिना २५,००० पर्यंत व्यवसाय करच नाही. तीन ओळींत तीन चुका, आणि तिन्ही मी दर महिन्याच्या सात तारखेच्या आत दुसऱ्यांच्या पगारात तपासतो. ऑफिसात हा कागद माझ्या टेबलावर आला असता तर मी तो परत फेकला असता. घरी आला म्हणून आनंदाने झूम केला. वाचला असता तर ४,०५० वर थांबलो असतो. पुढचे ७,७०० या पत्रानंतर गेले. शिवाय फ्रेशर बी.कॉम. पोरींना मी स्वतः तेरा-चौदा हजारांवर लागलेलं बघतो, २३,४०० कोण देतंय? पण आपल्या घरची मुलगी असली की वाटतं, हुशार आहे, मिळत असेल.

व्हेरिफिकेशनचे १,२०० तर अगदीच मूर्खपणा. चारित्र्य पडताळणीचा अर्ज उमेदवार स्वतः महाराष्ट्र पोलिसांच्या पोर्टलवर करतो, शुल्कही तिथेच भरतो. कंपनीने एजन्सीकडून पडताळणी करून घेतली तर त्याचे पैसे कंपनीचे. ठेवीचं तेच. लॅपटॉप, गणवेश, सिमकार्ड, कशासाठीही उमेदवाराकडून रुपया मागितला की तिथेच संपलं. सरकारी थेट मुलाखतीत शुल्क असलं तर ते जाहिरातीतच छापलेलं असतं. रुजू व्हायच्या सोमवारी भाची मेट्रोने खापरीला उतरून मिहानच्या गेटवर गेली. गार्डकडे यादी नव्हती. फोन बंद. यापुढे सांगण्यासारखं काही नाही.

मग वॉक-इन आणि रोजगार मेळावे सगळेच बोगस? नाही. बुटीबोरी-हिंगण्याच्या कारखान्यांना फिटर, वेल्डर, इलेक्ट्रिशियन, सीएनसी ऑपरेटर लागतात तेव्हा आयटीआयची पोरं गेटवरच्या मुलाखतीतून खरोखर लागतात. नर्सिंग, बीपीओ, सिक्युरिटी, सेल्स यांतही वॉक-इन चालतं. डिसेंबर २०२३ मध्ये नागपुरात नमो महारोजगार मेळावा झाला. असे सरकारी मेळावे फुकट असतात, नोंदणी राज्य सरकारच्या महास्वयम पोर्टलवर होते, कोणती कंपनी किती पदं घेऊन येणार ते आधी बघता येतं. मेळाव्याचं नाव पोर्टलवर नसेल आणि बॅनरवर लोगो असेल, तर लोगो चोरीचा आहे असंच समजा. पण खऱ्या मेळाव्यातही बातमीत येणारा ‘निवड’ आकडा बहुतेक वेळा प्राथमिक निवडीचा असतो, रुजू झालेल्यांचा नाही. स्टॉलही बघून घ्या. विम्याचा स्टॉल असला आणि ‘आयसी ३८’ परीक्षेचं नाव निघालं, तर ती एजंटगिरी आहे, कमिशनवर, पगाराची नोकरी नाही. बरेच स्टॉल मनुष्यबळ ठेकेदारांचे असतात. ते वाईटच असं नाही, पण एक प्रश्न विचारा : पीएफ कोणाच्या कोडवर, म्हणजे कोणाच्या नोंदणी क्रमांकावर, भरणार? ठेकेदार खरा असेल तर आस्थापनेचं नाव लगेच सांगतो. ते नाव ईपीएफओच्या, म्हणजे पीएफ कार्यालयाच्या, साइटवर ‘एस्टॅब्लिशमेंट सर्च’मध्ये टाका, कोणत्या महिन्याचा भरणा कधी केला, किती कामगारांचा केला, सगळं दिसतं. मी हे रोज वापरतो. त्या नऊ दिवसांत एकदाही वापरलं नाही.

आता तक्रारीचं ऐका. पहिल्या ठाण्यात म्हणाले, लॉन आमच्या हद्दीत नाही. दुसऱ्यात म्हणाले, त्यांचं ऑफिस तिकडे होतं ना, तिकडे जा. ‘ऑफिस’ म्हणजे सीताबर्डीतल्या एका इमारतीतली महिन्याच्या भाड्याची खोली, कुलूप लावलेली. सायबरवाल्यांनी विचारलं, समोरासमोर दिले ना, मग यात सायबर काय? बँक म्हणाली, पिन तुम्हीच टाकला. लॉनवाल्याकडे बुकिंग करणाऱ्याच्या आधारची झेरॉक्स आहे, पण तो ती फक्त पोलिसांना देणार, आणि पोलीस ती मागायला जाणार नाहीत, कारण लॉन त्यांच्या हद्दीत नाही! रोजगार कार्यालयात सांगितलं, मेळावा आमचा नव्हता. मी म्हटलं, लोगो तुमचा होता. तर म्हणाले, त्याची वेगळी तक्रार द्या, कारवाई पोलीस करतील. शेवटी एका ठाण्यात साहेब म्हणाले, “तुम्ही शिकलेले, अकाउंटमधले, तुम्ही कसे फसलात?” हा प्रश्न मला घरीही विचारतात, त्यासाठी ठाण्यात तीन तास बसायची गरज नव्हती. हातात आली ती अर्जाची पोच, एफआयआर नाही.

हे माहीत असतं तर मी असा परत आलो नसतो : १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ प्रमाणे दखलपात्र गुन्ह्याची माहिती कोणत्याही ठाण्याला घ्यावी लागते, हद्द कोणतीही असो. फसवणूक म्हणजे भारतीय न्याय संहितेचं कलम ३१८(४), सात वर्षांपर्यंत शिक्षा, दखलपात्र. ‘सिव्हिल मॅटर आहे’ म्हणाले की कलमाचा आकडा बोला. तरीही नोंदवत नसतील तर १७३(४) खाली वरिष्ठांना लेखी अर्ज, स्पीड पोस्टाने, पावती जपून. त्यानंतर न्यायदंडाधिकारी. आणि यूपीआयने पैसे गेले असतील तर सगळ्यात आधी सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, १९३० ला फोन, त्याच तासात. पैसे खात्यात असतील तोवरच गोठवता येतात. मी अकराव्या दिवशी केला. रोख २५० चं तर विसराच.

कागदपत्रांचंही बघा. आधार, पॅन, फोटो, मार्कशीट सगळ्यांच्या झेरॉक्स त्यांच्याकडे आहेत. दूरसंचार विभागाच्या संचार साथी पोर्टलवर आपल्या नावावर किती सिम चालू आहेत ते तपासा, आधारचं बायोमेट्रिक लॉक करा. इथून पुढे झेरॉक्सवर आडवं लिहा : ‘फक्त अमुक मुलाखतीसाठी’, खाली तारीख, सही. अक्षरं छपाईवरून गेली पाहिजेत, कोपऱ्यात लिहिलेलं कापून टाकतात. मूळ मार्कशीट कोणालाच ठेवून घेऊ देऊ नका.

त्या शनिवारी त्या लॉनवर ज्यांनी पैसे भरले त्यांनी टोकनची चिठ्ठी, यूपीआयचा बारा अंकी व्यवहार क्रमांक आणि ती पीडीएफ डिलीट करू नका. व्हॉट्सअ‍ॅपवरचं संभाषण एक्स्पोर्ट करून ठेवा, नुसत्या स्क्रीनशॉटवर राहू नका. एकट्याच्या ११,७५० ला कोणी विचारत नाही. पन्नास जणांचे अर्ज एकाच दिवशी, एकाच ठाण्यात, एकाच खात्याचं नाव लिहून गेले, तर बुकिंगवाल्याच्या आधारच्या त्या झेरॉक्ससाठी कोणाला तरी लॉनवाल्याकडे जावंच लागेल. माझा अर्ज तयार आहे, टोकन १८७.