आमच्या वर्कशॉपात आयसीयू नाही

भोसरीत आमचं छोटं मशीन शॉप आहे. चार लेथ, एक मिलिंग, दोन ड्रिल आणि अकरा माणसं. कुठलं मायक्रोमीटर (बारीक जाडी मोजायचं हत्यार) कुणाकडे, कुठला गेज कॅलिब्रेशनला, म्हणजे अचूकता तपासून घ्यायला गेलाय, कुठल्या लेथचं तेल कधी बदललं, हे सगळं वर्षानुवर्षं स्टोअरच्या लाल वहीत असायचं. वहीला तेलाचे डाग पडायचे, पानं चिकटायची, पण काम चालायचं.

मग ओळखीतून एक जण आला. "साहेब, खास तुमच्यासाठी डेटाबेस बनवतो. कॅलिब्रेशनची तारीख जवळ आली की पिवळं, उलटली की लाल, बाकी सगळं हिरवं." 38 हजार ठरले, 20 आगाऊ, रोख. बिल मागितलं तर म्हणाला, जीएसटी धरून वाढेल. मीच म्हणालो, राहू दे. हे माझं शहाणपण.

आठवड्यात बसवून दिला. हत्यार कुठे ठेवलंय ते निवडायच्या यादीत टूल रूम, शॉप फ्लोअर आणि त्याखाली चक्क 'आयसीयू' आणि 'ओटी 2'! मी हसत विचारलं, तर "टेस्टिंगचा डेटा राहिलाय, काढतो." दुसऱ्या दिवशी काढला आणि मी उरलेले 18 हजार देऊन टाकले. कुठल्यातरी हॉस्पिटलच्या उपकरणांसाठी केलेली फाइल नाव बदलून माझ्या गळ्यात मारली होती. ते तेव्हाच ओळखायला हवं होतं, पण हिरव्या रांगा बघून मी खूश होतो. लाल वही तर कपाटावर टाकून दिली.

आठ महिन्यांनी कस्टमरचं ऑडिट आलं. ऑडिटरने लेथवरून सहज एक 0-25 मिमीचं मायक्रोमीटर उचललं. स्टिकरवरची तारीख तीन महिन्यांपूर्वीच उलटलेली, स्क्रीनवर मात्र तेच हिरवंगार. त्यांनी मोजायची दोन्ही तोंडं पुसून एकमेकांना टेकवायला लावली. थिंबल, म्हणजे रेघांची फिरती नळी, शून्यावर बसेना, दोन रेघा पुढे. एक रेघ 0.01 मिमीची. एनसी, म्हणजे ऑडिटमधला त्रुटीचा शेरा, तर लागलीच, पण खरा घाम पुढच्या प्रश्नाने फुटला: "तीन महिने याच्यावर मोजून गेलेल्या मालाचं काय?" आयएसओ 9001:2015 या गुणवत्तेच्या मानकाच्या 7.1.5 कलमात हे स्पष्ट आहे. साधन बिघडलेलं सापडलं की आधीच्या मोजमापांवर त्याचा परिणाम झालाय का, हेही तपासावं लागतं. कस्टमरच्या गोडाउनमध्ये बसून आम्ही दोन दिवस पाठवलेले बुश, म्हणजे नळीसारखे भाग, मोजत होतो.

हिरवं का राहिलं, ते आमच्या स्टोअरच्या पोराने शोधलं. पुढची तारीख शेवटच्या कॅलिब्रेशनवरून निघतच नव्हती. ज्या दिवशी त्या हत्याराची नोंद 'सेव्ह' होईल, त्या दिवसापासून ती एक वर्ष पुढे जायची. सकाळी मायक्रोमीटर कुणाला दिलं, नाव टाकलं, सेव्ह केलं, की झालं वर्षभर हिरवं! म्हणजे जे हत्यार रोज वापरात आणि सगळ्यात जास्त झिजणारं, ते कधी लाल होणारच नाही.

एवढ्यावर थांबलं असतं तर मी त्याला अडाणी म्हणून सोडून दिला असता. पण दुरुस्त करून दे म्हटल्यावर त्याने आणखी 15 हजार मागितले. आमचाच डेटा बाहेर काढावा म्हटलं, तर फाइलला पासवर्ड, आणि तो त्याच्याकडे. त्याने ती केली होती मायक्रोसॉफ्टच्या अ‍ॅक्सेस या डेटाबेस प्रोग्रॅममध्ये, आणि त्यात फाइल अशी बंद करून देता येते की फॉर्म चालतात, पण आतला कोड दिसत नाही. मग फोन उचलणंही बंद झालं. वकील म्हणाले, धंद्यासाठी घेतलेली सेवा, ग्राहक आयोगात टिकणं कठीण. दिवाणी दावा करा, पण हातात बिल आहे का? बिल नव्हतं.

कॅलिब्रेशनची सर्टिफिकेटं कागदी फाइलला लावलेली होती म्हणून तेवढ्या तारखा परत मिळाल्या. मशिनींच्या आठ महिन्यांच्या देखभालीच्या नोंदी गेल्या त्या गेल्याच.

आता पुतण्याने फुकटच्या लिब्रेऑफिस बेसमध्ये दोन टेबलं करून दिली आहेत. एकात प्रत्येक हत्याराची एक ओळ: फ्रेमवर कोरलेला नंबर, नाव, रेंज, किती महिन्यांनी तपासायचं. दुसऱ्यात प्रत्येक घटनेची एक ओळ: तोच नंबर, तारीख, काय केलं, सर्टिफिकेट नंबर, पास की नापास. हत्यार कुणाला दिलं ते वेगळं, त्याचा तारखेशी संबंध नाही. पुढची तारीख कुणी हाताने लिहायचीच नाही. शेवटच्या 'पास' झालेल्या कॅलिब्रेशनच्या तारखेत महिने मिळवून ती निघते. दर शनिवारी फाइलची कॉपी पेन ड्राइव्हवर.

कुणी असं काही विकायला आला, तर डेमोतच एका हत्याराला दोन वर्षांपूर्वीची कॅलिब्रेशनची तारीख टाका. ते लाल झालं पाहिजे. मग त्याच हत्याराची जागा बदलून सेव्ह करा, तरी लालच राहिलं पाहिजे. सगळा डेटा एक्सेलमध्ये काढून दाखवायला सांगा, पासवर्ड कागदावर लिहून घ्या, आणि पक्क्या बिलाशिवाय शेवटचा हप्ता देऊ नका.

ते मायक्रोमीटर सध्या नादुरुस्त मालाच्या लाल पेटीत आहे. पोरं त्या पेटीला आयसीयू म्हणतात.