रक्तदाब की चौफेर दिनचर्या?

डिमेन्शिया (स्मृतिभ्रंश) लांबवायचा तर एकाच गोष्टीवर नेम धरायचा, की सगळीकडून घेरायचं? अमेरिकेतल्या ‘स्प्रिंट माइंड’ या वैद्यकीय चाचणीने (२०१९) पहिली वाट धरली. ९,३६१ जणांपैकी निम्म्यांसाठी वरच्या रक्तदाबाचं लक्ष्य १२० च्या खाली, बाकीच्यांसाठी १४० च्या. पहिल्या गटात स्मृती-आकलनातल्या सौम्य घसरणीचा धोका १९ टक्क्यांनी घटला. डिमेन्शियातली घट मात्र संख्याशास्त्राच्या कसोटीला उतरली नाही. उपचार ठरलेल्या मुदतीआधीच थांबवले होते, हे त्याचं एक कारण असावं.

दुसरी वाट फिनलंडच्या ‘फिंगर’ चाचणीची (२०१५): १,२६० ज्येष्ठांपैकी निम्म्यांना दोन वर्षं आहार, व्यायाम, मेंदूचा सराव, शिवाय हृदयाच्या तब्येतीवर देखरेख. नुसता सल्ला मिळालेल्यांपेक्षा त्यांचे स्मृती-आकलनाच्या कसोट्यांतले गुण जास्त वाढले (सुधारले तसे दोन्ही गट!). पण नेमकं कशामुळे, ते सुटं करता येत नाही. माझा कल आधी रक्तदाबाकडे. तो घरीही मोजता येतो.