डॅशहुंडसाठी लाकडी रॅम्प : ९० सेंमीचा नको, १२५ चाच घ्या

चिंगी आमची डॅशहुंड, म्हणजे लांब अंगाची, आखूड पायांची कुत्री, वय ६, वजन साडेआठ किलो. मार्चमधे एका सकाळी उठली ती पाठीची कमान करून, मागचे पाय लटपटत होते. डॉक्टर म्हणाले, मणक्यातली गादी सरकलीय. सहा आठवडे पिंजऱ्यात पूर्ण विश्रांती. ती पुन्हा चालायला लागल्यावर सोफ्यासाठी हा रॅम्प घेतला.

आधी ९० सेंमीचा घेतला, तिथे चुकले. सोफा ४२ सेंमी उंच, म्हणजे चढ जवळजवळ २८ अंशांचा. चढायची नीट, पण उतरताना सगळा भार पुढच्या पायांवर यायचा आणि शेवटच्या वीतभर अंतरात ती उडीच टाकायची. मग १२५ सेंमीचा घेतला. चढ २० अंशांच्या आत आला, आता पाऊल पाऊल टाकत उतरते. दुकानदाराने काहीही कुरकुर न करता फरकाचे ९०० रुपये घेऊन बदलून दिला.

अंशांचा एवढा हिशेब करते, त्याला कारण आहे. एम.टेक.ला असताना मी उंदरांच्या शेपटीतल्या गाद्या यंत्रात दाबून बघायचे. तरुण गादीचा गाभा पाण्याने टच्च भरलेला असतो. भार आला की तो चहूकडे सारखा वाटला जातो आणि भोवतीचं तंतूंचं कडं त्याला आवळून धरतं. वयाबरोबर पाणी धरून ठेवणारे प्रोटिओग्लायकॅन नावाचे रेणू घटतात, गाभ्यातला दाब उतरतो आणि भार कड्यावर जातो. कडं चिरू लागतं. माणसात याला दशकं लागतात. डॅशहुंडच्या गाभ्यातल्या मूळच्या पेशी मात्र पहिल्या वर्षाच्या आसपासच जाऊन कूर्चेसारख्या पेशी येतात, गाभा वाळतो, पुष्कळदा त्यात कॅल्शियम साठतं. मग तो एकदम फुटून वर मज्जारज्जूवर येतो. मोठ्या जातींत गादी उतारवयात हळूहळू फुगते. हे दोन प्रकार स्वीडनचे पशुवैद्य हान्सेन यांनी १९५२ मधे वेगळे मांडले. पाय आखूड करणारी एफजीएफ४ जनुकाची जादा प्रतच यामागे आहे, हे २०१७ मधे कळलं. माणसाच्या गादीच्या अभ्यासात या कुत्र्यांना नमुना म्हणून घेतात ते यामुळेच.

म्हणून उडीनेच गादी गेली असं मी म्हणणार नाही, ती आतून आधीच म्हातारी झालेली असते. पण अशा गादीला रोजचे वीस धक्के तरी का द्यायचे?

आता तक्रारी. वरचं कार्पेट गुळगुळीत आहे, नखं रुतत नाहीत. मी ते उपटून काथ्याचं पायपुसणं चिकटवलं. बिजागरी खडखडते, चिंगी पहिले चार दिवस जवळही जाईना. खाली जुना टॉवेल घातला आणि पनीरच्या तुकड्यांवर पंधरा दिवसांत शिकवलं. रॅम्पचं वजन ९ किलो, आईला एकटीला घडी घालता येत नाही. कडेच्या पट्ट्या मात्र छान उंच आहेत, पाय बाहेर जात नाही.

पलंग ५० सेंमीचा असेल तर १५० सेंमी लांबी लागेल. तेवढा हा रॅम्प बनवणारे बनवत नाहीत, तो मी सुताराकडून करून घेतेय.