पडदा नसलेलं ब्लूटूथ: मधल्या व्हेरियंटमधली कंपनीची सिस्टीम, साताऱ्याच्या रस्त्यांवर

टचस्क्रीन नाही. दोन ओळींचा डिस्प्ले, मधोमध गोल नॉब, शेजारी हिरव्या फोनचं बटण आणि स्टिअरिंगवर कॉल घ्यायचं-ठेवायचं बटण. मधल्या व्हेरियंटची हॅचबॅक घेतली की बहुतेक वेळा अशीच स्टिरिओ-ब्लूटूथची सिस्टीम बसून येते. कंपनीचं नाव इथे घेत नाही, कारण तीन-चार कंपन्यांच्या गाड्यांत थोड्याफार फरकाने हाच डबा आहे. ‘ह्याला काय अर्थ नाय, काढून अँड्रॉइड स्टिरिओ टाका’ हा सल्ला पोवई नाक्यापासून एमआयडीसीपर्यंत कुठेही फुकट मिळतो. तो ऐकायची घाई करू नये. कॉलसाठी ही सिस्टीम चांगली आहे, गाण्यांसाठी ठीक आहे, आणि मराठीत नावं सेव्ह करणाऱ्याला फोनबुकच्या बाबतीत ती वाईट आहे. ‘ब्लूटूथ चालत नाही’ म्हणून गाडी सर्व्हिसला जाते तेव्हा डबा बहुधा ठणठणीत असतो. पेअरिंग, म्हणजे फोन आणि गाडीची पहिली ओळख, घाईत उरकलेलं असतं.

पेअरिंगसाठी गाडी उभी पाहिजे. चालत्या गाडीत मेनू उघडतच नाही. काही गाड्यांत हँडब्रेक ओढलेला नसला तरी नाही. तो बिघाड नव्हे, मुद्दाम केलेली सोय आहे. चावी एसीसीवर (इंजिन बंद, पण स्टिरिओ चालू) ठेवूनही काम होतं, पण इंजिन बंद ठेवून तासभर मेनू चाळत बसू नका. बॅटरी तीन-चार वर्षांची असेल तर सकाळी धक्का मारायला माणसं गोळा करावी लागतील.

सगळ्यात आधी फोनचं नाव बदला. घरात एकाच मॉडेलचे दोन फोन असले की डिस्प्लेवर दोघांचं नाव एकच दिसतं आणि पुढचे सहा महिने कोणाचा फोन जोडलाय हा वाद चालतो. नाव इंग्रजी अक्षरांत, आठ-दहा अक्षरांच्या आत ठेवा; त्यापुढचं छोट्या डिस्प्लेवर कापलं जातं.

मग हिरवं बटण दोन-तीन सेकंद दाबून धरलं की फोनचा मेनू येतो. नॉब फिरवून ‘अ‍ॅड डिव्हाइस’वर जायचं आणि नॉबच दाबायचा. आता गाडी फोनला दिसायला लागते, पण दोन-तीन मिनिटंच. तेवढ्यात फोनमध्ये ब्लूटूथचं पान उघडून नवीन डिव्हाइस शोधायचं. यादीत गाडीचं नाव आलं की ते दाबायचं. दोन्हीकडे सहा आकडी नंबर दिसतो. तो जुळतोय ना ते बघायचं आणि होकार दोन्हीकडे द्यायचा. इथेच पहिली चूक होते. लोक फोनवर ‘पेअर’ दाबतात आणि गाडीकडे बघतच नाहीत. डिस्प्लेवर ‘कन्फर्म?’ लुकलुकत राहतं, थोड्या वेळाने दोन्हीकडे ‘फेल्ड’, आणि मग म्हणायचं की सिस्टीम बोगस. सहा आकडी नंबर न येता फोनने पिन मागितला तर सिस्टीम जुन्या पद्धतीची समजायची, म्हणजे ब्लूटूथ २.१ च्या आधीची. तिथे पिन बहुधा ०००० किंवा १२३४ असतो. दोन्ही चालले नाहीत तर गाडीच्या पुस्तिकेत बघा.

दुसरी चूक पुढच्या पाच सेकंदांत होते. जोडणी होताना अँड्रॉइड फोनवर एक छोटी चौकट येते: कॉन्टॅक्ट आणि कॉल हिस्टरी गाडीला द्यायची का? तिथली खूण न करता पुढे गेलात तर कॉल लागतील, गाणी वाजतील, पण गाडीचं फोनबुक रिकामं राहील आणि येणाऱ्या कॉलला नावाऐवजी नुसता नंबर दिसेल. ही परवानगी नंतरही देता येते. अँड्रॉइडवर ब्लूटूथच्या यादीत गाडीच्या नावाशेजारच्या चाकावर दाबा; फोन कॉल, मीडिया ऑडिओ, कॉन्टॅक्ट शेअरिंग असे वेगवेगळे खटके दिसतील. आयफोनवर गाडीच्या नावाशेजारचा गोलातला ‘आय’ दाबला की ‘सिंक कॉन्टॅक्ट्स’ सापडतं. खटका चालू केल्यावर एकदा जोडणी तोडून पुन्हा जोडा आणि दोन-तीन मिनिटं थांबा. हजारभर नावं लगेच उतरत नाहीत.

खटके वेगवेगळे का, हे कळलं की निम्म्या तक्रारी आपोआप सुटतात. ब्लूटूथची जोडणी म्हणजे एकच एक वायर नव्हे. प्रत्येक कामाची वाट वेगळी, तिला प्रोफाइल म्हणतात. कॉलचा आवाज हँड्स-फ्री प्रोफाइलवरून जातो, गाणी ए-टू-डी-पीवरून, गाणं पुढे-मागे करायची बटणं एव्हीआरसीपीवरून आणि फोनबुक पीबॅपवरून. एक बंद पडलं तरी बाकीची चालू राहतात. म्हणून ‘गाणी वाजतात पण कॉल फोनवरच येतो’ ही तक्रार ऐकली की स्पीकर तपासायचा नाही, ‘फोन कॉल’चा खटका बघायचा. ह्याच रचनेचा एक फायदाही आहे आणि ह्या सिस्टीममध्ये तो नीट चालतो: चालवणाऱ्याचा फोन कॉलसाठी आणि मागच्या सीटवरच्या पोराचा फोन गाण्यांसाठी, दोन्ही एकाच वेळी जोडता येतात.

आता सगळ्यात चिवट दुखणं. काल चालू होतं, आज फोनवर ‘पेअर्ड’ दिसतं पण कनेक्ट होत नाही. पेअरिंग करताना फोन आणि गाडी मिळून एक गुप्त किल्ली ठरवतात आणि दोघेही ती आपापल्याकडे जपून ठेवतात. फोन रिसेट केला, फोन बदलला, किंवा गाडीच्या यादीतून कोणी फोन पुसला, की एकाकडे किल्ली उरते आणि दुसऱ्याकडे नसते. मग कितीही वेळा ‘कनेक्ट’ दाबा, दार उघडत नाही. इलाज एकच: फोनमधून गाडी काढा, गाडीतून फोन काढा, दोन्ही बंद करून चालू करा आणि पहिल्यापासून पेअर करा. फक्त फोनमधून काढून भागत नाही, आणि बहुतेक जण तेवढंच करतात. त्यानेही जमलं नाही तर गाडीची मेमरी भरलीय का ते बघा. अशा सिस्टीममध्ये मोजकेच फोन लक्षात राहतात, अनेकांत पाचच. नवी गाडी हार-पेढ्यांच्या गडबडीत ताब्यात येते, तेव्हा डेमो दाखवणाऱ्याचा फोनही त्या पाचांत जाऊन बसलेला असू शकतो. तो आधी पुसा.

गाडी सुरू झाली की सिस्टीम शेवटी जोडलेला फोन आधी शोधते. ब्लूटूथचा पल्ला साधारण १० मीटर. भिंत मध्ये आली की कमी होतो, पण अंगणात उभ्या गाडीपासून ओसरीवरच्या चार्जिंगच्या फोनपर्यंत तो सहज पोचतो. मग होतं असं: अंगणात गाडी चालू केली, घरात कोणीतरी त्या फोनवर बोलत होतं, त्याचा आवाज अचानक गेला आणि पलीकडचा माणूस गाडीच्या चारही स्पीकरमधून ‘हॅलो, हॅलो’ करायला लागला. ही फजिती टाळायची तर गाडीच्या मेनूत आपल्या फोनला पहिला क्रम द्या. घरातल्या बाकीच्या फोनवर गाडीसाठी ‘फोन कॉल’चा खटका बंद ठेवला तरी चालतं.

कॉलचा आवाज ह्या सिस्टीमची खरी जमेची बाजू. माइक छतावरच्या दिव्याजवळ आहे, म्हणजे तोंडाच्या वर आणि समोर. शहरात, काचा बंद आणि ब्लोअर एक-दोनवर असताना पलीकडच्याला आपण गाडीत आहोत हे सांगावं लागतं. ब्लोअर तीनच्या वर गेला आणि मधली जाळी वर वळवलेली असली की हवा थेट माइकवर जाते आणि पलीकडे नुसती घरघर. जाळी खाली करा, फरक त्याच कॉलमध्ये कळतो. यवतेश्वरचा घाट दुसऱ्या गिअरमध्ये, काचा उघड्या ठेवून चढताना मात्र बोलू नये. इंजिनचा चढा आवाज आवरणं छोट्या माइकच्या कुवतीबाहेरचं आहे. आणि गळिताच्या हंगामात शेजारून ऊस भरलेला ट्रॅक्टर गेला, की त्यावरचं गाणं पलीकडच्याला आपल्यापेक्षा जास्त स्पष्ट ऐकू येतं.

पलीकडचा म्हणाला, ‘माझाच आवाज मला परत ऐकू येतोय,’ तर तो इको तुमच्या गाडीत तयार होतोय, त्याच्या फोनमध्ये नाही. स्पीकरचा आवाज माइकमध्ये शिरतो. सिस्टीम तो पुसायचा प्रयत्न करते, पण आवाज फार मोठा असेल तर तिला जमत नाही. कॉलचा व्हॉल्यूम कमी करा. तो गाण्यांच्या व्हॉल्यूमपेक्षा वेगळा असतो आणि कॉल चालू असतानाच नॉब फिरवून बदलता येतो. एफएम ऐकताना आवाज कमी केला तरी कॉलचा आवाज पहिल्याइतकाच राहिला, ही तक्रार त्यामुळेच येते.

खंबाटकीच्या बोगद्यात कॉल तुटला तर ब्लूटूथला बोल लावू नये. कासकडे वर चढतानाही तसंच. ओळखायची खूण सोपी: डिस्प्लेवरचं ब्लूटूथचं चिन्ह जागेवर आहे आणि कॉल संपला, तर नेटवर्क गेलं. चिन्हच गायब झालं आणि आवाज फोनमधून यायला लागला, तर ब्लूटूथ. दुसरा प्रकार वारंवार व्हायला लागला तर फोनचा बॅटरी सेव्हर बंद करून बघा; कानातले बड्स डबीतून बाहेर काढलेले नाहीत ना तेही बघा. बड्स चालू असले की कॉल तिकडे पळतो. व्हॉट्सअ‍ॅपचा कॉल कधीकधी फोनमध्येच अडकतो. तेव्हा कॉलच्या पडद्यावर स्पीकरच्या चिन्हावर दाबून ब्लूटूथ निवडायचं, अर्थात गाडी बाजूला घेऊन. फोन हातात धरून चालवणं २०१९ च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्याच्या कलम १८४ खाली धोकादायक ड्रायव्हिंगमध्ये मोडतं. पहिल्या गुन्ह्याचा दंडच एक हजारापासून पाच हजारांपर्यंत आहे.

फोनबुकवर मात्र आमचा राग आहे. फोन मराठी नावं बरोबर पाठवतो, पण डब्यात देवनागरी अक्षरंच भरलेली नाहीत. ‘आई’ असं सेव्ह केलेलं नाव डिस्प्लेवर दोन रिकाम्या चौकोनांत येतं. ‘मामा कराड’, ‘दूधवाला’, ‘वायरमन’, सगळे सारखेच चौकोन. फरक फक्त किती चौकोन एवढाच. महाराष्ट्रात विकल्या जाणाऱ्या गाडीत ही उणीव खपवून घेण्यासारखी नाही, पण सिस्टीमचं सॉफ्टवेअर बदलल्याशिवाय ती जात नाही. सर्व्हिसला गाडी देताना अपडेट आहे का ते विचारा. ते पेनड्राइव्हवरून होतं, आणि ते चालू असताना गाडी बंद करायची नसते. तोवर उपाय एवढाच की रोज लागणारी दहा-बारा नावं इंग्रजी अक्षरांत ठेवायची. नावात इमोजी नको, तिथेही चौकोन. फोनबुक आडनावाप्रमाणे लागत असेल तर मेनूत पहिलं नाव आधी घ्या, नाहीतर साताऱ्यात पाटील-जाधव-शिंदे ओलांडता ओलांडता लिंबखिंड येते. व्हॉइस डायलचं बटण आहे, पण ते इंग्रजी उच्चारांवर बेतलेलं. ‘बाळासाहेब’ला त्याने काय काय केलं ते लिहिण्यात अर्थ नाही. ते बटण दाबून धरल्यावर फोनचा स्वतःचा असिस्टंट चालू होत असेल तर तोच वापरा. त्याला मराठी नावं पुष्कळ बरी कळतात.

गाण्यांबद्दल थोडक्यात. आवाज दबका किंवा खरखरीत वाटला तर फोनचा व्हॉल्यूम जवळजवळ पूर्ण वर न्या आणि मग नॉबने कमी-जास्त करा. फोन अर्ध्यावर ठेवून गाडीचा आवाज वाढवला की सुरांबरोबर खरखरही वाढते. तीच फाइल पेनड्राइव्हवरून थोडी मोकळी वाजते, कारण ब्लूटूथवर आवाज दाबून पाठवावा लागतो. गावातल्या रस्त्यावर हा फरक कानाला लागत नाही. गाण्याचं नाव मराठीत असेल तर इथेही चौकोन. मॅपचा आवाज येत नसेल तर सिस्टीम एफएमवर आहे का बघा; मॅप गाण्यांच्या वाटेने बोलतो, त्यामुळे सोर्स ब्लूटूथवर हवा.

स्टिरिओ बदलायचाच असेल तर आधी इतकं पाहा: वायर न कापता कपलरने (तयार प्लगने) बसतो का, स्टिअरिंगवरची बटणं चालतात का, आणि माइक कुठे लावणार. बाहेरच्या स्टिरिओचा माइक पुष्कळदा डब्याच्या तोंडावरच असतो, म्हणजे तुमच्या गुडघ्यांच्या उंचीला, ब्लोअरच्या जाळीखाली. पडदा मोठा मिळतो आणि कॉल बिघडतो. वायर कापली तर वॉरंटीचा प्रश्न वेगळाच.

आणि गाडी विकताना मेनूतून फॅक्टरी रिसेट करा. फोन नेला तरी त्यातून उतरलेलं फोनबुक काही सिस्टीममध्ये डब्यातच राहतं, आणि नव्या मालकाच्या हाती गाडीच्या चावीबरोबर तुमच्या घरच्यांचे नंबरही जातात. निदान जे इंग्रजीत लिहिलेले आहेत, ते वाचता येतील असे.