वायूवर चालणारी सेकंडहँड बाराबोर: वर्षभराच्या वापरानंतर

आधी निकाल सांगते. ही बंदूक मी विकणार नाही. मात्र घेतल्यानंतरचे पहिले काही महिने तिने जो त्रास दिला, तो सेकंडहँड सेमी-ऑटोमॅटिक घेणाऱ्या बहुतेकांच्या वाट्याला येतो आणि त्यातले बरेच जण कंटाळून ती तोट्यात विकून टाकतात. म्हणून या लेखातला मोठा भाग त्या एकाच दुखण्यावर आहे: बार होतो, पण पुढचं काडतूस आपोआप चढत नाही.

माझी बंदूक १२ बोरची, २८ इंची नळीची, २¾ इंची काडतुसाची, वजन आठ पौंडांच्या आसपास. कंपनीचं नाव देत नाही, कारण दोष कारखान्याचा नव्हता, आधीच्या मालकाच्या देखभालीचा होता. वापर मिशिगनमध्ये, ट्रॅप आणि स्कीटसाठी, म्हणजे उडत्या मातीच्या चकत्या फोडायला. शिकारीला मी जात नाही.

वायूवर चालणारीच का घेतली? खांद्यासाठी. माझी चण लहान आहे आणि एका बैठकीत शंभर काडतुसं उडवली की दुनळीचा धक्का दुसऱ्या दिवशीही जाणवत राहतो. या प्रकारात बाराचा थोडा वायू यंत्रणा ढकलण्यात खर्च होतो आणि धक्का थोडा लांबवर पसरतो. काडतूस तेच असलं तरी खांद्याला बसणारा दणका बोथट होतो. बेनेलीसारख्या बंदुकांची रचना वेगळी असते. तिथे वायूचा संबंध नसतो, बंदूक मागे सरकते आणि बोल्टमधली, म्हणजे नळीचं मागचं तोंड बंद करणाऱ्या सरकत्या ठोकळ्यातली, स्प्रिंग दाबली जाऊन काम होतं. त्या स्वच्छ राहतात, पण धक्का जास्त देतात, आणि बंदुकीवर फार वजन चढवलं किंवा दस्ता घट्ट आधाराला टेकवला तर त्याच अडतात. त्याहून जुनी ब्राउनिंगची ऑटो-५. तिच्यात बार होताच अख्खी नळीच मागे येते. जॉन ब्राउनिंगने तिचं पेटंट १९०० मध्ये घेतलं आणि १९०२ पासून ती बेल्जियममध्ये बनू लागली. तिच्यात हलक्या आणि जड काडतुसांसाठी घर्षणाच्या कड्यांची मांडणी बदलावी लागते. हे सांगण्याचं कारण असं की ‘सेमी-ऑटो अडते’ एवढ्या वाक्यावर कुणीच सल्ला देऊ शकत नाही. ती कोणत्या जातीची आहे हे आधी कळायला हवं.

माझ्या जातीत काय घडतं ते थोडक्यात. छर्रे नळीतून पुढे जात असताना नळीच्या खालच्या बाजूला असलेल्या दोन बारीक भोकांतून थोडा वायू खाली उतरतो. खाली मॅगझिनच्या, म्हणजे पुढची काडतुसं ठेवायच्या, नळकांड्यावर दट्ट्या बसवलेला असतो, तो मागे ढकलला जातो. दट्ट्या बोल्टला मागे नेतो, बोल्टचा आकडा रिकामी पुंगळी ओढून काढतो, ती बाजूच्या खिडकीतून बाहेर फेकली जाते. याच वेळी दस्त्याच्या आत लपलेली एक लांब स्प्रिंग दाबली जाते. मग तीच बोल्टला परत पुढे लोटते आणि वर उचललेलं नवं काडतूस नळीत बसतं. या साखळीत कुठेही जोर कमी पडला की बोल्ट अर्ध्यातून परततो.

ट्रॅपमध्ये हे दुखणं लपून राहतं. तिथे पाच जागांवरून पाच-पाच अशा पंचवीस चकत्या असतात आणि एका वेळी एकच काडतूस भरायचं असतं. पुढचं चढायचा प्रश्नच येत नाही. स्कीटमध्ये मात्र १, २, ६ आणि ७ क्रमांकाच्या जागांवर दोन चकत्या एकदम सुटतात. पहिली फुटली, चाप पुन्हा ओढला, आणि काहीच झालं नाही. खरं तर इशारा ट्रॅपमध्येच मिळत होता. शेवटच्या बारानंतर बोल्ट मागे अडकून उघडा राहायला हवा, तो अधूनमधून मिटत होता. तुमच्या बंदुकीत असं दिसलं तर पुंगळी व्यवस्थित बाहेर पडत असली तरी समजा की बोल्ट पूर्ण मागे जात नाहीये.

दुरुस्तीकडे वळण्याआधी एक गोष्ट, आणि ती मी अगदी कळकळीने सांगते. बार नेहमीसारखा न वाजता नुसता ‘फुस्स’ झाला, धक्का नाहीसा वाटला आणि बंदूक अडली, तर ती यंत्रणेची तक्रार समजून हाताने बोल्ट ओढून पुढचा बार करू नका. काडतुसातली प्लॅस्टिकची वाटी नळीत अडकलेली असू शकते, आणि मागून दुसरा बार आला तर नळी फाटते. थांबा, बंदूक रिकामी करा, नळी आरपार बघा. चाप ओढूनही बार झालाच नाही, तर नळी सुरक्षित दिशेला धरून निदान तीस सेकंद थांबा. उशिरा पेटणारं काडतूस क्वचित असतं, पण असतं. आणि घरी यंत्रणा तपासताना खरं काडतूस खोलीतसुद्धा ठेवू नका. चढतं-उतरतं का हे बघायला सरावाची खोटी काडतुसं दहा-पंधरा डॉलरला मिळतात.

आता निदान. रेंजवर वर्षानुवर्षं येणाऱ्या एका आजोबांनी मला पहिल्याच दिवशी एक प्रश्न विचारला, “पुंगळी कुठे थांबली?” बंदूक कशी अडली यापेक्षा पुंगळी कुठे सापडली यावर सगळं ठरतं. ती नळीतच राहिली असेल तर काढून तिची धातूची कड बघा. कडेवर आकड्याने कुरतडल्याचा, ओरबाडल्याचा डाग असेल तर बोल्टने ओढायचा प्रयत्न केला होता, पण पुंगळी फुगून नळीत घट्ट बसली होती. म्हणजे नळीचं बूड घाण आहे किंवा काडतुसाचा धातू हलक्या प्रतीचा आहे. कड कोरीकरकरीत असेल तर बोल्ट फारसा हललाच नाही, वायू कुठेतरी वाया जातोय. पुंगळी खिडकीत उभी अडकली तर ती निघाली, पण फेकायला जोर उरला नाही. ती नीट बाहेर पडली आणि बोल्ट रिकाम्या नळीवर मिटला, तर बोल्ट पुढचं काडतूस उचलण्याइतका मागे पोचला नाही. आणि नवं काडतूस चढूनही बोल्ट शेवटचा अर्धा सेंटिमीटर मिटत नसेल, तर परतीचा जोर कमी आहे. माझ्याकडे दुसरी, तिसरी आणि चौथी अशी तिन्ही लक्षणं आलटून पालटून दिसायची. सगळा रोख कमी जोराकडे होता.

पहिला संशय काडतुसांवर घ्यावा, कारण तो तपासायला सर्वात सोपा. खोक्यावर सगळं छापलेलं असतं, फक्त वाचायची सवय लागते. इथलं नेहमीचं ट्रॅपचं काडतूस १⅛ औंस छऱ्यांचं, म्हणजे सुमारे ३२ ग्रॅमचं. त्यात दोन प्रकार सर्रास मिळतात (ड्रॅम हे दारूच्या जोराचं माप): २¾ ड्रॅमचं, सेकंदाला ११४५ फूट वेगाचं, आणि ३ ड्रॅमचं, १२०० फुटांचं. त्याशिवाय ⅞ औंसाची ‘कमी धक्क्याची’ काडतुसं असतात, सुमारे २५ ग्रॅमची. खांद्यासाठी मी तीच घ्यायचे. वायूवरची बंदूक ही हलकी काडतुसं चालवू शकते, पण सगळं स्वच्छ आणि तंदुरुस्त असेल तरच. ३ ड्रॅमची १⅛ औंसाची घेतल्याबरोबर माझं अडणं निम्म्याहून कमी झालं. इथे अनेक जण थांबतात आणि ‘हिला जड काडतूसच लागतं’ असं ठरवून टाकतात. मला ते पटत नाही. जड काडतुसाने दुखणं झाकलं जातं, बरं होत नाही.

एक अपवाद मात्र खरा आहे. जुन्या काही बंदुकांच्या मॅग्नम नळीला, म्हणजे ३ इंची जोरदार काडतुसांसाठीच्या नळीला, वायूची भोकं मुद्दाम लहान ठेवलेली असतात, कारण तिथे वायू मुळातच जास्त असतो. अशी नळी हलक्या काडतुसांवर चालणारच नाही. नळीवर कोरलेला आकडा वाचा. माझ्या नळीवर २¾ होता, म्हणून हा मुद्दा बाद झाला. आणि ड्रिलने भोकं मोठी करायचा सल्ला कुणी दिला तर ऐकू नका. एकदा मोठं केलेलं भोक लहान होत नाही, आणि पुढे जड काडतुसांचा प्रत्येक बार बोल्टला मागच्या भिंतीवर आपटत राहतो.

मग पुढचा भाग उघडला. टोपी सोडवून पुढची लाकडी मूठ काढली, नळी उतरवली. नळकांड्यावर कार्बनचा काळा, कडक थर होता आणि वरून तेल ओतलेलं. दट्ट्याच्या जागी तेल मुळीच नको. गरम वायूत ते जळतं आणि कार्बनला धरून ठेवतं. तो भाग द्रावणाने घासून कोरडा पुसून ठेवायचा. नळीची भोकं अर्धी बुजलेली होती. त्यात कार्बन होता आणि वाटीचं वितळलेलं प्लॅस्टिकही. ती पाइप क्लीनरने साफ केली. दट्ट्याजवळची रबरी रिंग एका जागी चिरलेली निघाली. ही रिंग वायूला बाहेर निसटू देत नाही. किंमत किरकोळ, पण ती फाटली की अख्खी बंदूक लंगडी होते. आता दोन जादा रिंगा पिशवीत असतातच. शेजारच्या धातूच्या कड्या कोणत्या क्रमाने आणि कोणत्या तोंडाने बसतात याचा उतरवण्याआधी फोटो काढून ठेवा. त्या उलट बसल्या तरी बंदूक जुळते, पण नीट चालत नाही.

यानंतर बरीच सुधारणा झाली. तरीही हलक्या काडतुसांवर ती मधूनच अडायची, आणि थंडी पडू लागली तसं प्रमाण वाढलं. राहिली होती ती दस्त्यातली स्प्रिंग. माझ्या मते सेकंडहँड सेमी-ऑटोमॅटिकचं सर्वात दुर्लक्षित अंग हेच. दस्ता काढल्याशिवाय ती दिसत नाही, आणि दस्ता काढायची वेळ कित्येक मालकांवर कधी येतच नाही. मागची रबरी गादी सोडवून लांब पेचकसाने आतला स्क्रू काढावा लागतो. त्यामागे स्प्रिंग दाबलेल्या अवस्थेत तिच्या स्वतःच्या छोट्या नळीत बंद असते. ती जोरात सुटते, म्हणून डोळ्यांवर चष्मा हवाच. ज्यांना अशा कामाची सवय नाही त्यांनी सरळ बंदुकीच्या कारागिराकडे द्यावी. मी त्याच्याकडेच दिली आणि शेजारी उभी राहून बघितलं.

त्या नळीतून जे निघालं त्यावर माझा विश्वास बसेना. वर्षानुवर्षं ओतलेलं तेल खाली उतरून पाकासारखं घट्ट झालं होतं, त्यात गंज मिसळला होता आणि स्प्रिंगची काही वेटोळी एकमेकांना चिकटली होती. नव्या स्प्रिंगशेजारी ठेवल्यावर जुनी स्पष्ट आखूड दिसत होती. म्हणजे अडचण दुहेरी होती: मागे जाताना चिकट वंगण बोल्टला धरून ठेवायचं आणि पुढे येताना थकलेल्या स्प्रिंगचा जोर कमी पडायचा. लक्षणं आलटून पालटून का दिसत होती याचा उलगडा तिथे झाला. नळी घासून कोरडी केली, नवी स्प्रिंग घातली, तेलाचं नुसतं बोट फिरवलं. त्यानंतर ⅞ औंसाच्या काडतुसांवरही ती अडलेली नाही.

तेव्हापासून साफ केलेली बंदूक मी कपाटात तोंड खाली करून ठेवते. तोंड वर ठेवलं की यंत्रणेतलं तेल ओघळून दस्त्यात, लाकडात आणि त्या स्प्रिंगच्या नळीत उतरतं. माझ्या बंदुकीत ते असंच साचलं असणार.

मिशिगनचा जानेवारी हा वेगळा धडा. उणे दहा सेल्सिअसला नेहमीचं तेल घट्ट होतं आणि बोल्टची चाल हाताला जड लागते. हिवाळ्यापूर्वी जुनं तेल पूर्ण पुसून अगदी पातळ तेलाचा हलका हात देणं पुरतं. बाहेरून आत आणल्यावर धातूवर दव जमतं, ते पुसल्याशिवाय बंदूक पिशवीत बंद करू नका.

आणखी एक किरकोळ वाटणारी बाब. अमेरिकेत १९३५ पासून बदकांसारख्या स्थलांतरित पक्ष्यांच्या शिकारीत बंदुकीत एकूण तीनच काडतुसं मावतील असा अडसर मॅगझिनमध्ये घालावा लागतो. सेकंडहँड बंदुकीत तो बहुधा आतच राहिलेला असतो. माझ्यातला लाकडी होता, फुगलेला, आणि मॅगझिनच्या स्प्रिंगला घासत होता. चकत्यांसाठी त्याची गरज नाही, म्हणून काढून ठेवला.

नावडत्या गोष्टीही आहेत. ही बंदूक साफसफाई मागते, टाळलेली चालत नाही. पुंगळ्या उजवीकडे लांब उडतात, त्यामुळे शेजारच्या नेमबाजासाठी अडवणारी छोटी पट्टी लावावी लागली. मॅगझिनमध्ये काडतूस ढकलताना अंगठा चिमटतो. दस्ता १४ इंचांहून लांब होता, माझ्या हाताला तो आखूड करून घ्यावा लागला आणि त्याचा खर्च वेगळा. सिंधुदुर्गात आमच्या काकांकडे शेतीसंरक्षणाच्या परवान्यावरची ठासणीची बंदूक आहे. तिच्यात बिघडण्यासारखं फारसं काही नाही, हे खरंच. ज्यांना वर्षातून चार वेळाच बंदूक हातात घ्यायची आहे त्यांनी दुनळी घ्यावी, असं मी मनापासून सांगेन. पण दर आठवड्याला रेंजवर जाणाऱ्या आणि खांदा जपणाऱ्या माणसाला ही फार सुख देते. दुपारभर नेम धरूनही हात थरथरत नाही, आणि स्कीटची दुसरी चकती आता माझ्या चुकीनेच हुकते, बंदुकीच्या नाही.

अशी जुनी बंदूक बघायला जाल तेव्हा ती रिकामी असल्याची बोटाने खात्री करा आणि बोल्ट हळूहळू मागे ओढा. चाल सुरुवातीपासून शेवटपर्यंत एकसारखी हवी, मध्येच जड लागली तर दस्त्यातली स्प्रिंग संशयित. मग बोल्ट सोडा, तो ठणकन पूर्ण मिटायला हवा. पुढची मूठ उतरवून नळकांडं, रबरी रिंग आणि भोकं बघा, नळीवरचा आकडा वाचा. दस्ता काढून दाखवायला बहुतेक विक्रेते तयार होत नाहीत. तसं झालं तर नवी स्प्रिंग आणि कारागिराची मजुरी तिथल्या तिथे किमतीतून कमी करून मागा.