लिचेसवर कॉक्रेन गँबिटची तयारी: कुठे उपयोग होतो, कुठे अडतं

कॉक्रेन गँबिट म्हणजे बुद्धिबळात पांढऱ्याने मुद्दाम घोडा देऊन केलेली सुरुवात. चालींचा क्रम असा: १. ई४ ई५ २. घोडा-एफ३ घोडा-एफ६ ३. घोडा×ई५ डी६ ४. घोडा×एफ७ राजा×एफ७ ५. डी४. घोड्याच्या बदल्यात दोन प्यादी, मधोमध प्याद्यांची जोडी आणि किल्लेकोट हुकलेला काळा राजा. जॉन कॉक्रेन १८४८ मध्ये कलकत्त्यात मोहिशचंद्र बॅनर्जींविरुद्ध हे खेळला.

लिचेस ही बुद्धिबळाची वेबसाइट पूर्ण फुकट, जाहिराती नाहीत. ओपनिंग एक्सप्लोररमध्ये (कुठल्या चालीनंतर कोण किती डाव जिंकलं ते दाखवणारा भाग) आधी फिल्टर लावा: बुलेट म्हणजे अतिझटपट डाव काढा, आपल्या रेटिंगचाच गट ठेवा. नाहीतर पांढऱ्याच्या विजयाची टक्केवारी पाहून हुरळून जाल. त्यातले कित्येक डाव पुढच्या घोडचुकांवर किंवा घड्याळावर सुटलेले असतात, आणि तो आकडा हे सांगत नाही. इंजिन (चाली तपासणारा प्रोग्राम) चालू केलं की लगेच काळा वरचढ दिसतो. दोन्ही खरं आहे.

खरी कमाई ‘स्टडी’मध्ये, म्हणजे आपल्या चाली नि टिपा साठवायच्या वहीत. एका स्टडीत ६४ चॅप्टर बसतात. काळ्याच्या प्रत्येक उत्तराला एक द्या. पहिला ५...घोडा×ई४ चा (तीन टिंबं म्हणजे काळ्याची चाल), कारण हावरा प्रतिस्पर्धी हेच खेळतो. ६. वजीर-एच५ शह. आता ६...जी६ ला ७. वजीर-डी५ शह देऊन ई४ वरचा घोडा परत. ६...राजा-जी८ ला तर ७. वजीर-डी५ शह, उंट-ई६ ८. वजीर×ई६ मात! ६...राजा-ई७ ला शहाच्या मोहात पडू नका, ७. वजीर-ई२, घोडा राजासमोर अडकतो आणि एफ३ ने पडतो.

‘कॉम्प्युटरबरोबर सराव’ मात्र इथे फसवा. इंजिन ई४ वरचं प्यादं सहसा खातच नाही, त्यामुळे सापळ्यांचा सराव होत नाही. त्यासाठी स्टडीच्या चॅप्टरला इंटरअॅक्टिव्ह लेसन हा प्रकार निवडा. चुकीच्या चालीला दिसणारा संदेश स्वतः लिहिता येतो. तिथे ‘चूक’ एवढंच न लिहिता कारण लिहा.

इंजिन वापरायचं ते ५...सी५ आणि ५...जी६ साठी. सी५ मधल्या प्याद्यांवर थेट घाव घालतं. जी६ नंतर राजा जी७ वर निवांत बसतो. इथे मात नसते, वीस-पंचवीस चाली दाब टिकवावा लागतो. घाईने वजीर बदललात तर काळ्याचा जास्तीचा घोडा डाव खाऊन टाकतो.

एक्सप्लोररच्या मास्टर्स टॅबमध्ये (अव्वल खेळाडूंचे डाव) या गँबिटचे डाव थोडेच. तोपालोव-क्रामनिक, लिनारेस १९९९, बरोबरीत सुटलेला, तेवढा मात्र नीट पाहा.